ना पाऊस, ना सातबारा : खाडीतल्या कालवांची शेती

माण तालुक्यात वाढलेल्या बाईला शेती म्हटलं की आधी पाणी आठवतं. दहिवडी-म्हसवडकडं टँकरमागं हंडा घेऊन पळण्यात आमचे उन्हाळे गेले. म्हणून सिंधुदुर्गात खाडीकाठच्या एका आरोग्य शिबिराला गेले आणि तिथल्या बायांनी पाण्यावर तरंगणारा बांबूचा तराफा दाखवून "ताई, ही आमची शेती" म्हटलं, तेव्हा मला हसूच आलं.

तराफ्याला दोऱ्या बांधलेल्या, दोऱ्यांत रिकामे शिंपले ओवलेले. कालवांची डोळ्याला न दिसणारी पिल्लं खाऱ्या पाण्यात तरंगत असतात. टणक जागा सापडली की चिकटतात आणि मग जन्मभर हलत नाहीत. त्यांना खत लागत नाही, खाद्य लागत नाही, फवारणी लागत नाही. पाण्यातलं बारीक शेवाळ गाळून खातात आणि वर्षाच्या आत काढणीला येतात. पावसात खाडीचं पाणी गोडं झालं तर माल मरतो, म्हणून काढणी त्याआधी उरकायची. पाऊस नको म्हणणारी शेती मी पहिल्यांदाच पाहिली!

आपल्याकडे हे तंत्र तुतिकोरिनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं 1970 च्या दशकात बसवलं. पुढे केरळात बायांच्या गटांनी ते उचललं. कालव पाणी गाळतं म्हणजे किती? अमेरिकेतल्या एका जातीचं मोठं कालव, परिस्थिती चांगली असेल तर, दिवसाला 190 लिटरपर्यंत पाणी गाळतं. खाडी निवळते, शिंपल्यांच्या आडोशाला मासळीची पिल्लं वाढतात.

तराफ्याआधी या बाया ओहोटीला खडकावर वाकून लोखंडी टोच्यानं कालवं फोडायच्या. अजूनही अनेक जणी फोडतात. शिबिरात मी पाहिले ते त्यांचे तळपाय. कालवाची कड ब्लेडसारखी असते, जखमेत चिखल जातो. अशा कामाला जाणाऱ्या बाईनं धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असलंच पाहिजे. जुने बूट घालावेत, आणि साखरेचा आजार असेल तर पायाची छोटी जखमही त्याच दिवशी दाखवावी.

आता पैशाचं. राज्य सरकारची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना 2017 पासून आहे. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर हे तिचे जिल्हे. कालवं, शिणाणे, खेकडे पाळायला गटाला 90 टक्के आणि एकट्याला 75 टक्के अनुदान, असा तिचा नियम. खाडीला सातबारा नसतो. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबलेल्या आपल्या माणसांना याचं मोल वेगळं सांगायला नको. पण गट निवडण्याचं काम गावातल्या समितीमार्फत चालतं, आणि समितीत कोण बसतं हे आपण जाणतो. तुमची लेक, बहीण कोकणात नांदत असेल तर तिला एवढंच विचारा : गावात कांदळवन समिती आहे का, आणि तिच्यात आपल्या वस्तीतली बाई आहे का? नसेल तर ग्रामसभेत लेखी अर्ज द्यायला सांगा.

कालवात जस्त भरपूर, शिवाय लोह आणि बी-12. पांढऱ्या पडलेल्या पापण्यांच्या बाया मी वॉर्डात रोज पाहिल्या, त्यांना हे अन्न लाखमोलाचं. माणदेशात कालवं कुठली मिळायला! तिथं कलेजी आणि बाजारातली सुकट आहे, तीही कमी नाही. मात्र गरोदर बाईनं कलेजी बेतानंच खावी.

पण जे कालव पाणी गाळतं, ते त्यातली घाणही पोटात साठवतं. ज्या खाडीत शहराची गटारं आणि कारखान्यांचं सांडपाणी येतं, तिथली कालवं फुकट मिळाली तरी आणू नयेत. उकळून जंतू मरतात, पारा आणि शिसं मरत नाही. मुंबईत राहणाऱ्या आपल्या लोकांनी, कालवं कुठल्या खाडीतली हे विकणारीला विचारावं.

कच्ची तर कधीच खाऊ नयेत. लिंबू पिळल्यानं जंतू मरत नाहीत. कच्च्या कालवातून कावीळ आणि जुलाब होतात. गरोदर बाई, यकृताचा किंवा साखरेचा रुग्ण यांच्या जिवावर बेतू शकतं. शिंपल्यासकट असतील तर आधीच उघडी पडलेली आणि टिचकी मारूनही न मिटणारी बाजूला काढा. बाकीची उकळत्या पाण्यात टाका, तोंड उघडल्यावर आणखी पाच मिनिटं उकळू द्या. जे उघडलंच नाही ते टाकून द्या, सुरीनं उचकटत बसू नका.