पुण्यात शिकताय? मग हे चुकवू नका!

ललित कला केंद्र (गुरुकुल) : सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा 1987 साली सुरू झालेला विभाग. इथे संगीत, नृत्य आणि नाट्य यांचं पदवी व पदव्युत्तर शिक्षण मिळतं. ‘महानिर्वाण’ नाटकाचे लेखक सतीश आळेकर अनेक वर्षं केंद्राचे प्रमुख होते.

पुरुषोत्तम करंडक : महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा, 1963 पासून. निकालाच्या दिवशी भरत नाट्य मंदिरात ‘अरे, आव्वाज कुणाचा?’ अशी आरोळी उठते आणि घसा बसलेली पोरं त्याच घशाने उत्तर देतात. अभिनय येत नसेल तर नेपथ्य उचला, प्रकाशयोजना शिका. बॅकस्टेजला हात कमीच पडतात.

फिरोदिया करंडक : हीदेखील महाविद्यालयीन स्पर्धा. नाट्य, संगीत, नृत्य, चित्र, शिल्प अशा अनेक कला एकाच सादरीकरणात गुंफायच्या. त्यामुळे तबलजीपासून रांगोळीवाल्यापर्यंत सगळ्यांना जागा.

सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव : पंडित भीमसेन जोशी यांनी गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ 1953 मध्ये सुरू केलेला शास्त्रीय संगीताचा महोत्सव. डिसेंबरची थंडी, खाली भारतीय बैठक. शाल मात्र न्याच.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय : स्थापना 1964, विधी महाविद्यालय रस्ता. जुन्या चित्रपटांच्या अभ्यासकांसाठी खजिनाच. प्रभात स्टुडिओच्या जागेवर 1960 पासून असलेली एफटीआयआय ही चित्रपट प्रशिक्षण संस्थाही जवळच.

बालगंधर्व रंगमंदिर : 1968 पासून जंगली महाराज रस्त्यावर. नाटक परवडत नसेल, तर आवारातल्या कलादालनात चक्कर मारा.