गिझरची ज्योत पिवळी झाली तर

बालाघाटाच्या माथ्यावर, मांजरसुंबा परिसरात थंडी वाढली की घरोघरचे जुने गॅस गिझर कुरकुर करू लागतात. नळ सोडला तरी ठिणगी पडत नसेल, तर बहुधा सेल उतरलेले असतात. दीड व्होल्टचे २ नवे सेल टाकले की काम भागते. धार बारीक झाली असेल, तर बोअरच्या जड पाण्याचे क्षार नळीत साचलेले असतात. पाण्याचा दाब कमी पडला की गिझर पेटतच नाही.

हे बिघाड फार तर आंघोळ लांबवतात. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली, वर काजळी धरली, तर मात्र मेकॅनिक येईपर्यंत गिझर बंदच ठेवावा. हवा कमी पडल्याने गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळलेला असतो. या वायूला वासच नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आंघोळीनंतरची डोकेदुखी, मळमळ ‘पित्त’ म्हणून सोडून दिली जाते, ती यामुळेही असू शकते.

गारठा नको म्हणून झरोक्याला पोते लावण्याची सवय तर जिवावरची. बंद न्हाणीघरात निळी ज्योतही भरवशाची नाही. गिझर बाहेर, मोकळ्या हवेतच हवा. आत कोणी कोसळल्यास आधी मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ला फोन करावा.