बुलेटचा श्वास

कवितेवर बोलण्यासाठी मला आकाशवाणीवर बऱ्याचदा बोलावणं आलं. आज मात्र मी कार्बोरेटरवर बोलणार आहे. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला त्यातलं काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. मलाही ते पिस्टन जाम झाल्यावरच कळलं.

अब्बांची १९८४ची बुलेट माझ्याकडे आली, तेव्हा ती सिग्नलला उभी राहिली की बंद पडायची. म्हणायला साडेतीनशेची, प्रत्यक्षात ३४६ सीसी. तिच्यावर २४ मिलिमीटरचा मिककार्ब होता. दुकानदार म्हणाला, ‘‘साहेब, हा काढून टाका. २८चा घ्या, सोबत हा तयार इनटेक पाइप. गाडी उडेल!’’ अर्ध्या तासात दोन्ही बसले. आठ दिवस गाडी खरंच उडाली.

मग मे महिन्यात मिरजेहून कोल्हापूरला निघालो. मागे बायको. हातकणंगल्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला म्हणून मूठ पिळली, आणि इंजिन एकाएकी आवळलं. मागचं चाक जागीच थांबलं. क्लच दाबण्याचं कसं सुचलं कोण जाणे. गाडी घसरत कडेला गेली आणि पाठोपाठ एक ट्रक भोंगा वाजवत निघून गेला. बायको खाली उतरली, पदर सावरला, आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘‘अब्बांची गाडी आहे म्हणून काही बोलत नाही.’’

गाडी टेम्पोत घालून कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेली. तिथल्या लेथवर काम करणाऱ्या म्हाताऱ्या उस्तादांनी जे समजावलं, ते सांगतो.

डासांवर मारायचा जुना फ्लिटचा पंप आठवतो? दट्ट्या दाबला की नळीच्या तोंडावरून हवा जोरात जाते आणि खालचं औषध आपोआप वर ओढलं जातं. कार्बोरेटर याच तत्त्वावर चालतो. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि जेटमधून पेट्रोल वर येतं. म्हणजे सगळी मदार वेगावर. आता हिशेब बघा. २४चं भोक २८ केलं की क्षेत्रफळ वाढतं ३६ टक्के. तेवढीच हवा जायची असेल तर तिचा वेग घटतो आणि पेट्रोल ओढणारा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. इंजिन हळू फिरत असताना मूठ एकदम पूर्ण उघडली, तर गाडी गचके खाते ती यामुळे. घास मोठा झाला म्हणून भूक वाढत नाही.

पण पिस्टन जाम झाला तो घासामुळे नव्हे, सांध्यामुळे. इनटेकची पट्टी दोन नटांवर बसते. एकच नट आधी जोरात आवळला की पट्टी धनुष्यासारखी वाकते. उस्तादांनी ती काचेवर ठेवून दाखवली, मधून उजेड दिसत होता. ‘‘सर, हितनं हवा ओढतंय बघा.’’ ही चोरहवा कार्बोरेटरच्या पुढून आत शिरते, पेट्रोल न घेताच. मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, आणि तापलेला पिस्टन फुगून सिलिंडरला धरतो. छंदात एक मात्रा कमी पडली तर ओळ नुसती लंगडते. इथं माणूसच रस्त्यावर येतो.

उस्तादांनी काचेवर पॉलिश पेपर पसरून पट्टी सपाट होईपर्यंत घासली. नवं गॅस्केट घातलं. उष्णता अडवणारा जाड काळा तुकडा दुकानदारानं काढून टाकला होता, तो परत बसवला. तो नसेल तर गरम हेडमुळे कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळू लागतं. नट आळीपाळीनं, पाव-पाव फेरा. मग गाडी आयडलला ठेवून सांध्यावर ब्रशनं ऑइल लावलं. सांधा गळत असेल तर ऑइल आत ओढलं जातं आणि इंजिनाचा ताल बदलतो. आमचा बदलला नाही.

उरला तो जेट. तो ठरवायचा प्लगवरून. पूर्ण मुठीवर थोडं अंतर जायचं, क्लच दाबून इंजिन बंद करायचं आणि प्लग काढून पाहायचा. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी, काजळी असेल तर जास्त, फिकट बदामी असेल तर ठीक. अलीकडे यात एक भर पडली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. एका भाग पेट्रोलला वजनानं सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण आपसूकच पातळ होतं. नव्या गाड्यांत इंजेक्शनचा संगणक ते सावरतो. आपल्या बुलेटचा संगणक म्हणजे आपणच. मेन जेट एक पायरी मोठा घालून प्लग पुन्हा पाहावा, आणि रबरी नळ्याही तपासाव्यात.

आणि मूळ दुखणं? गाडी सिग्नलला का बंद पडायची? जुन्या कार्बोरेटरची स्लाइड झिजली होती, तिच्या बाजूनं हवा जात होती. एवढंच. शेवटी मी २८चा उतरवला आणि २४चाच नवा घेतला. रिबोअर आणि पिस्टनचा खर्च वेगळा झाला, तो बायकोला अजून नीटसा सांगितलेला नाही. गाडी आता सिग्नलला शांतपणे धडधडत उभी राहते. हातकणंगलं मागे पडलं की मात्र बायको मागची दांडी दोन्ही हातांनी धरते.