जाताना टोकदार, येताना पसरट

जबलपूरच्या मुलांना तोफगोळा म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. 155 मिमीची ‘धनुष’ तोफ इथल्याच गन कॅरेज फॅक्टरीत बनते. म्हणून अकरावीच्या वर्गात एका कॅडेटने विचारलेला प्रश्न मला फार आवडला. तो म्हणाला, “सर, गोळा टोकदार असतो, हवा कापायला. मग अंतराळातून परतणारी कुपी बोथट का? ती तर जास्त तापेल ना?”

गोळ्याला वेग टिकवायचा असतो; परतणाऱ्या यानाला तो संपवायचा असतो. पृथ्वीभोवती फिरताना यानाचा वेग सेकंदाला सुमारे 7.8 किलोमीटर असतो. म्हणजे त्याच्या एकेका किलो वजनात सात किलो टीएनटीइतकी ऊर्जा साठलेली असते. ती जाणार कुठे? पुढची हवा दाबली जाऊन हजारो अंश तापते. टोकदार नाक असेल तर ही तप्त हवा नाकाला चिकटूनच राहते. पसरट, बोथट अंगासमोर मात्र हवेची गादी तयार होते, आघात-तरंग पुढेच अडतो आणि बरीचशी उष्णता बाजूच्या हवेत निघून जाते. अमेरिकेतील ज्युलियन अ‍ॅलन यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला हे दाखवून दिले.

म्हणजे चढताना टोकदार आणि उतरताना पसरट, अशी दोन रूपे एकाच रॉकेटला हवीत. हे दाखवायला मी छत्री आणली. कॅडेटला ती मिटून परेड ग्राउंडवर धावायला सांगितले आणि धावता धावताच उघडायला लावली. जुलैचा वारा होता. छत्री उलटी झाली, दोन काड्या मोडल्या. (छत्री घरची होती, जाब मलाच द्यावा लागला.)

अवघड काम हेच आहे: रूप बदलायचे, तेही अचूक क्षणी. ‘स्पेसशिपवन’ हे यान 2004 मध्ये शेपटीकडचा भाग वर दुमडून, बॅडमिंटनच्या फुलासारखे स्थिर राहून खाली आले. त्याच्याच पुढच्या पिढीच्या यानात 31 ऑक्टोबर 2014 रोजी त्या शेपटीचे कुलूप चढतानाच, वेळेआधी उघडले गेले. हवेच्या जोराने शेपटी दुमडली, यान हवेतच तुटले आणि एका वैमानिकाचा जीव गेला. ‘स्टारशिप’ला चार हलते पंख आहेत. जून 2024 च्या उड्डाणात एका पंखाच्या सांध्यापाशी आग शिरली आणि पंखाचा काही भाग जळून गेला, तरी यान समुद्रावर सावकाश उतरले. जिथे बिजागरी तिथे फट, आणि फटीतून उष्णता आत शिरते.

मग बिजागरीच नको, फुगाच करू, असा दुसरा विचार आहे, आणि मला तो अधिक पटतो. आपल्या इस्रोने 3 सप्टेंबर 2022 रोजी थुंबा येथून रोहिणी रॉकेटमध्ये केव्हलार कापडाचे असे साधन घडी घालून पाठवले. सुमारे 84 किलोमीटर उंचीवर ते वायूने फुगवले गेले आणि भाराचा वेग कमी करत ठरल्या मार्गाने खाली आले. हा वेग कक्षेतल्या वेगापेक्षा पुष्कळ कमी होता, हे लक्षात ठेवावे. त्याच वर्षी 10 नोव्हेंबरला नासाने सहा मीटर व्यासाची फुगीर ढाल थेट कक्षेतून उतरवली. वजन तेवढेच ठेवून पसारा वाढवला की विरळ हवेतच, खूप उंचावर ब्रेक लागतो आणि उष्णतेचा मारा सौम्य होतो. म्हणूनच कापडासारखी वस्तू टिकते.

पीएसएलव्हीचे वापरलेले टप्पे आज समुद्रात पडतात आणि वायाच जातात. असे टप्पे परत मिळवायला हे तंत्र उपयोगी पडेल, असे इस्रोचे म्हणणे आहे. त्यासाठी फुगा रॉकेटच्या निमुळत्या अंगात मावला पाहिजे, काही क्षणांत समान फुगला पाहिजे आणि उतरताना एका बाजूला कलंडता कामा नये.

मोडकी छत्री कॅडेटने मागून नेली आहे. काड्या काढून तिथे सायकलची ट्यूब बसवायची आणि गच्चीवरून सोडून पाहायची, असा त्याचा बेत आहे. हवा भरायचा पंप मात्र तो माझ्याकडेच मागतो आहे.