यादी-रकान्यातील पहिला घटक : उधन्यातील भाषा-नोंदींच्या संदर्भात

संगणकीय सारणीत सामान्यतः एका चौकोनात एकच मूल्य असते. काही रकान्यांत मात्र प्रत्येक चौकोनात एक यादीच साठवलेली असते. अशा प्रत्येक यादीतील पहिला घटक वेगळा कसा काढावा आणि तो काढताना आपण काय गृहीत धरतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उदाहरण उधन्याचे घेऊ. सुरतेच्या या औद्योगिक भागात खानदेशातून आलेली अनेक कुटुंबे राहतात. सुरतेत नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, उडिया व तेलुगू माध्यमांतूनही चालतात. समजा, प्रवेश-अर्जात ‘अवगत भाषा’ हा एकच रकाना आहे. एका विद्यार्थ्याची यादी ‘अहिराणी, मराठी, गुजराती’, दुसऱ्याची ‘उर्दू, गुजराती’, तिसऱ्याची रिकामी.

पायथनच्या पांडाज या संचात रकान्याच्या नावापुढे टिंब, ‘एसटीआर’ ही अक्षरे आणि चौकटी कंसात शून्य लिहिले की पहिले घटक मिळतात. तेथे मोजणी शून्यापासून होते. रिकाम्या यादीपुढे मुकाट्याने ‘मूल्य नाही’ अशी खूण येते. आर भाषेत मोजणी एकपासून. तेथे दुहेरी चौकटी कंसाने रिकाम्या यादीतील पहिला घटक मागितल्यास चूक दाखवून काम थांबते. नवशिक्यांसाठी हे थांबणेच बरे.

याहून फसवी बाब म्हणजे सीएसव्ही फाइलमधून परत वाचलेली यादी ही यादी नसून साधा मजकूर असतो. तो मजकूर स्वल्पविरामांनी जोडलेल्या नुसत्या नावांचा असेल आणि त्यावर पांडाजची हीच आज्ञा चालवली तर ‘गुजराती’ऐवजी नुसता ‘ग’ हाती येतो, उकारसुद्धा नाही! म्हणून प्रथम स्वल्पविरामावर मजकूर तोडून घ्यावा.

तथापि खरा प्रश्न क्रमाचा आहे. २०११ च्या जनगणनेत मातृभाषेसाठी स्वतंत्र रकाना होता. इतर भाषा, जास्तीत जास्त दोन, प्रावीण्याच्या क्रमाने नोंदवायच्या होत्या. आपल्या अर्जावर अशी सूचना नसेल, तर कोणी घरची भाषा आधी लिहील, कोणी शाळेची. जनगणनेत खानदेशी ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून मोजली जाते. त्यामुळे अहिराणी बोलणाऱ्या पालकाने ‘मराठी’ आधी लिहिले, एवढ्यावरून त्या मुलाची घरची भाषा आपल्या तक्त्यातून नाहीशी होते, आणि वर्गाचे नियोजन त्याच तक्त्यावरून व्हायचे असते.

नव्या अर्जात मातृभाषा स्वतंत्रपणे विचारावी. जुन्या अर्जांवरून काढलेल्या रकान्याला ‘मातृभाषा’ न म्हणता ‘प्रथम नोंदलेली भाषा’ असे नाव द्यावे, व मूळ यादी-रकाना पुसू नये.