गाठ आहे, पण कसली?

आमच्या बालाघाटात सोनोग्राफीच्या रांगेत निम्मी माणसं ओळखीची निघतात. त्यामुळे माझ्या मावसबहिणीला योनीमार्गात मऊ गाठ लागली, तेव्हा तिने दीड महिना कुणालाच सांगितलं नाही. मग मला फोन. पहिला प्रश्न कॅन्सरचा, दुसरा, "ताई, माझं लग्न होईल ना?" आम्ही दोघी गोंदियाला जाऊन तपासून आलो. ती निघाली गार्टनर सिस्ट, म्हणजे द्रवाने भरलेली निरुपद्रवी पिशवी.

तिचा उगम जन्माच्याही आधीचा. सुरुवातीच्या आठवड्यांत मुलगा असो की मुलगी, प्रत्येक गर्भात नळ्यांच्या दोन जोड्या असतात, म्युलर आणि वुल्फ यांच्या नावांच्या. मुलीत म्युलर नळ्यांपासून गर्भाशय आणि गर्भनलिका बनतात, वुल्फ नळ्या विरून जातात. पण कधीकधी एखादा तुकडा योनीमार्गाच्या भिंतीत मागे राहतो. (आमच्या सॉफ्टवेअरमध्येही असा जुना कोड पडून असतो, कुणी हात लावत नाही.) या अवशेषाचं वर्णन डॅनिश शल्यचिकित्सक गार्टनर यांनी 1822 मध्ये केलं. त्यात पुढे द्रव साचला की गाठ होते.

बहुतेक गाठी 2 सेंटिमीटरपेक्षा लहान असतात आणि दुसऱ्याच तपासणीत सापडतात. त्रास नसेल तर काहीच करावं लागत नाही. मोठी झाली तर संबंधाच्या वेळी दुखतं, लघवीला अडचण होते, नाहीतर अंग बाहेर आल्यासारखं वाटतं. तेव्हा छोट्या ऑपरेशनने काढतात. नुसतं सुईने पाणी काढलं तर ती बहुधा पुन्हा भरते. कॅन्सर अतिशय क्वचित.

मात्र एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मूत्रवाहिनी त्याच वुल्फ नळीतून फुटते आणि किडनीची घडणही तिच्यावर अवलंबून असते. म्हणून काही जणींमध्ये गाठीच्या बाजूची किडनी नसते किंवा मूत्रवाहिनी भलत्याच जागी उघडते. तेव्हा किडनीची सोनोग्राफी आवर्जून मागा. बहिणीच्या दोन्ही किडन्या जागेवर होत्या.

इंटरनेटवरचे फोटो पाहून निदान करू नका. मूत्रमार्गाला आलेला फुगवटा किंवा बार्थोलिन ग्रंथीची गाठही अशीच दिसू शकते. लग्न झालेलं नसेल आणि आतून तपासणीची भीती वाटत असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. पोटावरून सोनोग्राफी होते, गरज पडली तर एमआरआय.