‘एकच डाव’ संपत का नाही?

पोळ्या लाटता लाटता “जेवायला चला” म्हणून हाक मारावी आणि बाहेरच्या खोलीतून “हा एकच डाव!” असं उत्तर यावं, हे आता पुसदपासून पुण्यापर्यंत घरोघरचं झालं आहे. पण मुलांनाच कशाला नावं ठेवायची? दुपारी मागचं आवरलं, की आपल्यापैकीही कितीतरी जणी मोबाइलवर रंगीत गोळ्या जुळवत बसतात. पाच मिनिटं म्हणता म्हणता चार वाजतात आणि दळण तसंच राहतं. मग आपण स्वतःलाच बोल लावतो, “मनावर ताबाच नाही मेला!”

मैत्रिणींनो, सगळा दोष मनाचा नाही, बरं का. खेळणारा उठू नये आणि उठलाच तर उद्या परत यावा, एवढाच विचार करायला या कंपन्यांत पगारी माणसं बसलेली असतात. साडीच्या दुकानातला मुरलेला विक्रेता “घेऊ नका हो, बघा तर खरं” म्हणत गादीवर साड्यांचा ढीग घालतो ना, त्यातलाच हा प्रकार. दुकानदाराच्या युक्त्या आपल्याला पाठ असतात, म्हणून आपण फसत नाही. तशा याही ओळखून ठेवायला हव्यात.

आपल्या ओळखीचंच उदाहरण घेऊ. ‘लुडो किंग’ हा खेळ २०१६ साली नवी मुंबईच्या गेमेशन या कंपनीने आणला. विकाश जायस्वाल हे तिचे संस्थापक. लुडो म्हणजे आपल्या पचिसीचंच इंग्रजी रूप. इंग्लंडमध्ये १८९६ साली त्याचं पेटंट घेतलं गेलं. तेव्हा शिकायचं असं काही नव्हतंच. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना येणारा खेळ. त्यात एक क्रमांक कळवला, की दूरगावची माणसंही एकाच पटावर बसतात. २०२०च्या टाळेबंदीत लेक एका गावी आणि आई दुसऱ्या गावी अशी किती घरं या पटावर भेटली! हे त्या खेळाचं श्रेय द्यायलाच हवं.

पण माणसांची ओढ ही एक गोष्ट, आणि मुद्दाम लावलेला गळ ही दुसरी. हे गळ साधारण चार प्रकारचे असतात.

रोजची भेट. खेळ उघडला, की काही नाणी फुकट मिळतात. काही खेळांत सलग सात दिवस आलात, तर सातव्या दिवशी मोठी भेट. मध्ये एक दिवस चुकला, की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. सोळा सोमवारांतला एक मोडला की कसं चुटपुटतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको. तीच चुटपुट इथे कामाला लावलेली आहे.

अर्धवट राहिलेलं काम. ‘कँडी क्रश’ हा खेळ २०१२ साली आला. त्यात पाच जीव मिळतात. हरलं की एक जातो, आणि तो परत यायला अर्धा तास लागतो. वाटतं, बरं झालं, आपोआप थांबायला होतं! पण मन तिथेच अडकलेलं असतं आणि अर्ध्या तासाने हात आपसूक मोबाइलकडे जातो. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. पुरं झालेल्या कामापेक्षा अर्धवट सुटलेलं काम माणसाच्या जास्त लक्षात राहतं, असं त्यांना आढळलं होतं. कथामालिकेच्या शेवटी ‘क्रमशः’ का छापतात, ते आता कळलं ना?

नेम नसलेलं बक्षीस. बी. एफ. स्किनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. चकतीवर चोच मारली, की दाणा मिळे. पण दाणा नेमका कितव्या टोच्याला मिळेल याचा नेम ठेवला नाही, तेव्हा कबुतरं चिकाटीने टोचतच राहिली. खेळातलं फिरतं चक्र, बंद पेटी, फाशावरचा सहा, सगळ्यांत हीच गंमत आहे.

सारखी हाक. “तुमची भेट वाट पाहते आहे”, “तुमची मैत्रीण पुढे गेली” असे निरोप पडद्यावर येतच राहतात. गॅसवर दूध असतानाही!

पैशाचा गळ सगळ्यांत वाईट. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी घरं कर्जात गेल्यावर अखेर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून असे खेळ चालवण्यावर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. पण फुकटच्या खेळात जादा जीव आणि नाणी विकत घेण्याची सोय अजून आहेच. तिथे लक्ष हवं.

मग घरात करायचं काय? आदळआपट करून मोबाइल हिसकावला, तर भांडण तेवढं वाढतं. त्यापेक्षा हे करून पाहा :

सेटिंगमध्ये जाऊन खेळाचे निरोप, म्हणजे नोटिफिकेशन, बंद करा. चौथा गळ तिथेच तुटतो.

“अर्धा तास” असं न ठरवता “दोन डाव” असं आधीच ठरवा. डाव रंगात असताना मध्येच उठवलं तर कोणालाही राग येतो. डाव संपला, की उठणं सोपं जातं.

यूपीआयचा पिन मुलांना सांगू नका. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सोय असते, ती चालू ठेवा.

मुलांना गळ ओळखायला शिकवा. मी अर्धवेळ शिकवते. एकदा आठवीच्या वर्गाला म्हटलं, “तुमच्या खेळात कोणकोणते गळ आहेत, लिहून आणा.” दुसऱ्या दिवशी पोरांनी पानं भरून आणली! “बाई, ही तर आम्हाला बसवून ठेवायची युक्ती आहे,” असं एक जण म्हणाला. उपदेशाने हे झालं नसतं.

मात्र थांबवूनही थांबता येत नाही, झोप-जेवण-अभ्यास सगळ्यांच्या आधी खेळच येतो, नुकसान दिसत असूनही तो सुटत नाही, असं महिनोन्महिने चाललं असेल तर ते लाड किंवा हट्ट समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या रोगांच्या यादीत या विकाराची नोंद आहे. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. विचारण्यात कमीपणा नाही.

राहता राहिला आपला दुपारचा तास. तो आपल्या हक्काचा आहे. दिवसभर राबल्यावर घटकाभर खेळलं तर कोणाला जाब द्यायचं कारण नाही. फक्त तो तास आपण आपल्या खुशीने खर्चतो आहोत, की कोणीतरी आपल्या हातून काढून घेतो आहे, एवढं अधूनमधून तपासून पाहावं. पदराला बांधलेल्या पैशाचा हिशेब आपण ठेवतोच की. मग वेळेचाही ठेवू या.